मामांची तालीम : वस्ताद हरिश्चंद्र बिराजदार आणि लातूरच्या कुस्तीचा वंशवृक्ष

१/
१२ एप्रिल २०१८. ऑस्ट्रेलियातील गोल्ड कोस्ट येथील राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत ५७ किलो वजनगटाची अंतिम कुस्ती. बीड जिल्ह्यातील पाटोद्याच्या राहुल आवारे याने कॅनडाच्या स्टीव्हन ताकाहाशीवर १५-७ अशी मात करून सुवर्णपदक जिंकले. ते पदक त्याने ज्या गुरूंना अर्पण केले, ते साडेसहा वर्षांपूर्वीच निवर्तले होते. त्यांचे नाव हरिश्चंद्र बिराजदार. कुस्तीच्या जगात त्यांना सारे ‘मामा’ म्हणत. वाचकहो, आजचा धागा या मामांच्या कारकिर्दीविषयी.

२/
आधी एक प्रश्न. खेळाडूचा इतिहास पदकांवरून लिहिता येतो; प्रशिक्षकाचा इतिहास कशावरून लिहावा? अमेरिकेत हा प्रश्न फार लवकर सुटला. १८९२ साली शिकागो विद्यापीठाने आमोस अलोन्झो स्टॅग या तरुणाला फुटबॉल संघाची जबाबदारी दिली, तीही प्राध्यापकवर्गातील पद देऊन. स्टॅग तेथे १९३२ पर्यंत, ४१ हंगाम राहिले. पद, पगार, दप्तर, सामन्यांच्या नोंदी हे सारे विद्यापीठाने सांभाळले. त्यामुळे त्यांचे चरित्र आज वर्षावर्षाने मांडता येते.

३/
आपल्याकडील वस्तादाला यातले काहीच नव्हते. ‘वस्ताद’ हा शब्द फारसी ‘उस्ताद’वरून आला आणि ‘तालीम’ हा अरबी शब्द; त्याचा मूळ अर्थ शिक्षण. म्हणजे शब्दार्थाने तालीम ही शाळाच आणि वस्ताद हा गुरुजीच. परंतु या शाळेला हजेरीपट नसतो, निकालपत्रक नसते. वस्तादाची कारकीर्द वाचायची तर ती शिष्यांच्या अंगावरच वाचावी लागते. बिराजदारांची कारकीर्द आपण तशीच वाचणार आहोत.

४/
हरिश्चंद्र बिराजदारांचे गाव रामलिंग मुदगड, तालुका निलंगा. जन्म १९५०. त्या वेळी निलंगा तालुका हैदराबाद राज्याच्या बिदर जिल्ह्यात होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत निलंगा, उदगीर आणि अहमदपूर हे तालुके बिदरपासून तुटून उस्मानाबाद जिल्ह्याला जोडले गेले आणि द्वैभाषिक मुंबई राज्यात आले. १९६० साली महाराष्ट्र झाला. १५ ऑगस्ट १९८२ रोजी लातूर हा स्वतंत्र जिल्हा झाला. गाव जागच्या जागी राहिले, पण मामांच्या वयाच्या बत्तिशीपर्यंत त्याचा पत्ता तीनदा बदलला.

५/
या सीमाभागात कुस्ती नवी नव्हती. मराठवाड्यातील जत्रा आणि कुस्तीचा फड यांचे नाते जुने आहे. नांदेड जिल्ह्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा असो वा लातूरच्या सिद्धेश्वराची, फडाखेरीज यात्रा पुरी होत नाही. पोरासोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्यांनी सुरुवात होते, मग नारळाच्या, मग इनामाच्या, आणि शेवटी मानाची कुस्ती. अंगात रग असलेला पोरगा गावाच्या नजरेत भरतो तो येथेच.

६/
परंतु फड वर्षातून एकदा भरतो आणि पैलवान घडायला वर्षाचे सारे दिवस लागतात. त्यासाठी हवी कायमची तालीम, जाणता वस्ताद, तुल्यबळ जोडीदार आणि खुराकाचा खर्च उचलणारा कोणी. कोल्हापुरास हे सारे राजाश्रयातून मिळाले. राजर्षी शाहू महाराजांनी पैलवान पोसले, तालमी उभ्या केल्या आणि १९१२ साली खासबागचे भव्य कुस्ती मैदान बांधून पूर्ण केले. निजामी राजवटीतील मराठवाड्याच्या खेड्यांना असा आश्रयदाता लाभला नाही. म्हणून निलंग्याच्या पोराला कुस्ती शिकायची तर पश्चिमेची वाट धरावी लागे.

७/
बिराजदारांनीही तीच वाट धरली आणि ते कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत दाखल झाले. तालमीतले आयुष्य कसे असते, हे नव्या पिढीसाठी थोडे सांगायला हवे. दिवस उजाडण्यापूर्वी उठणे. हौद्यातली लाल माती खोऱ्याने उकरणे, हाच पहिला व्यायाम. त्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर मुरवलेले असते, म्हणजे ती मऊ राहते आणि कातडीच्या जखमा चिघळत नाहीत. मग जोर, बैठका, आणि त्यानंतर लढती. दुपारी विश्रांती, सायंकाळी पुन्हा तेच. खुराकात दूध, तूप, बदामाची थंडाई.

८/
लढत म्हणजे सरावाची कुस्ती. शिकणे खरे होते ते येथे. एकेरी पट, दुहेरी पट, ढाक, कलाजंग, मोळी, घिस्सा, भारंदाज अशा डावांची नावे कोणीही पाठ करील. पण कोणता डाव कोणत्या क्षणी टाकायचा आणि टाकलेल्या डावाची तोड कोणती, हे वस्ताद हौद्याच्या काठावर उभा राहून सांगतो. एकच डाव उंच पोराला एका रीतीने शिकवावा लागतो आणि बुटक्या पोराला दुसऱ्या. हे ज्ञान ग्रंथात उतरलेले नाही. ते एका अंगातून दुसऱ्या अंगात जाते.

९/
१९५३ साली मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद स्थापन झाली. तिने १९६१ पासून ‘महाराष्ट्र केसरी’ हा किताब देण्यास आरंभ केला. पहिला किताब औरंगाबादेत दिनकर दह्यारी यांनी पटकावला. पुढे १९६९ साली अधिवेशन लातुरात भरले आणि महाराष्ट्र केसरीची गदा गेली ती विशीही न गाठलेल्या हरिश्चंद्र बिराजदारांच्या खांद्यावर. कुस्तीसाठी घर सोडून गेलेल्या पोराने राज्याचा सर्वोच्च मान आपल्याच माणसांच्या डोळ्यांदेखत मिळवला. मराठवाड्यातील तरुण पोरांना त्या दिवशी कळले की ही गदा आपल्याकडेही येऊ शकते.

१०/
पुढल्याच वर्षी, जुलै १९७० मध्ये, स्कॉटलंडच्या एडिंबरा येथे राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या. तेथे बिराजदारांनी सुवर्णपदक मिळवले. त्या स्पर्धेत भारताला एकूण पाच सुवर्णपदके मिळाली आणि पाचही कुस्तीतली होती. १९७१ साली महाराष्ट्र शासनाने त्यांना शिवछत्रपती पुरस्कार दिला. ‘रुस्तुम-ए-हिंद’ हा मानाचा किताबही त्यांच्या नावापुढे लागला.

११/
एडिंबरातील त्या यशाचे महत्त्व समजण्यासाठी माती आणि गादी यांतला फरक ध्यानात घ्यावा लागतो. मातीवर निकाल एकच, प्रतिस्पर्ध्याची पाठ मातीला लावणे, म्हणजे चितपट. तिथे दम राखून, समोरच्याला दमवून, संधीची वाट पाहता येते. गादीवर वेळ मोजून मिळते आणि प्रत्येक पकडीला गुण असतो. मातीत पाय रुतून आधार मिळतो, गादीवर तो मिळत नाही. मातीत संयम हा गुण ठरतो. गादीवर तोच संयम निष्क्रियता समजला जाऊन अंगाशी येतो.

१२/
हा बदल मराठी पैलवानांना सहज साधला नव्हता. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकपूर्वी खाशाबा जाधव यांना गादीवरील कुस्तीचे नियम आणि डाव समजावून सांगितले ते रीस गार्डनर या अमेरिकन प्रशिक्षकांनी. खाशाबा लंडनला सहावे आले आणि १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक घेऊन परतले. त्या प्रवासासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवले होते. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक असे एका प्राचार्याच्या घरावर उभे होते. बिराजदार त्याच मार्गावरचे पुढचे प्रवासी.

१३/
तरीही जाणत्या माणसांना बिराजदार आठवतात ते बेळगावच्या कुस्तीमुळे. समोर होता दिल्लीच्या गुरु हनुमान आखाड्याचा सतपाल, त्या काळी साऱ्या देशात गाजत असलेला मल्ल. सत्तरच्या दशकातील त्या मैदानात बिराजदारांनी सतपालला अस्मान दाखवले. उत्तरेच्या आखाड्यांचा तो भरभराटीचा काळ होता, म्हणून या निकालाने महाराष्ट्रातील तालमी-तालमींत उत्साह संचारला. जुने शौकीन ती कुस्ती अजूनही काल घडल्यासारखी सांगतात.

१४/
आता या दोन प्रतिस्पर्ध्यांचे पुढील आयुष्य शेजारी ठेवून पाहा. सतपाल यांनी १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवले आणि मग दिल्लीच्या छत्रसाल स्टेडियममध्ये शिकवणी सुरू केली. तेथून सुशीलकुमार आणि योगेश्वर दत्त हे ऑलिंपिक पदकविजेते घडले. सतपाल यांना २००९ मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार आणि २०१५ मध्ये पद्मभूषण मिळाले. त्यांच्या पाठीशी राजधानीतले सरकारी स्टेडियम होते, गाद्या होत्या, राष्ट्रीय निवडीचे केंद्र दारात होते.

१५/
बिराजदार बसले ते पुण्यातील गोकुळ वस्ताद तालमीत. ही जुन्या वळणाची तालीम. येथे ते वस्ताद झाले आणि ‘मामा’ हे नाव त्यांना चिकटले. आपल्या कुळव्यवहारात मामाचे घर हे हक्काचे घर. मराठवाड्यातून आलेल्या, पुण्यात कोणी ओळखीचे नसलेल्या पोरांना हे संबोधन सुचावे, यात नवल नाही. कोल्हापूरला जाताना बिराजदारांना जी वाट एकट्याने चालावी लागली होती, त्या वाटेच्या टोकाला पुण्यात आता आपल्या मुलखातले एक माणूस उभे होते.

१६/
लातूर, नांदेड, बीड, धाराशिव हा अवर्षणाचा पट्टा. येथील शेतकऱ्याने पोराला तालमीत ठेवायचे म्हणजे घरातले दोन हात कमी करायचे आणि वर दर महिन्याला दुधा-बदामाचे पैसे धाडायचे. पीक बुडाले की पहिली कुऱ्हाड पडते ती खुराकावर. त्यामुळे अशा तालमीतल्या वस्तादाचे काम डाव शिकवण्यापुरते राहूच शकत नाही. कोणाच्या घरून पैसे आले नाहीत, कोण दुखापत लपवतो आहे, कोणाला जत्रेतल्या इनामाच्या मोहापासून रोखून मोठ्या स्पर्धेसाठी राखायचे, हे सारे त्यालाच पाहावे लागते. कुस्तीत मोडणारी पोरे बहुधा हौद्यात मोडत नाहीत, हौद्याबाहेर मोडतात.

१७/
मामांच्या शिष्यांत पहिले मोठे नाव काका पवार यांचे. गाव साकोळ, तालुका शिरूर अनंतपाळ, जिल्हा लातूर. त्यांनी नाव कमावले ते ग्रीको-रोमन प्रकारात आणि १९९८ चा अर्जुन पुरस्कार मिळवला. या प्रकारात कमरेखाली पकड करता येत नाही, म्हणजे पट काढणे हा मराठी मल्लाचा हुकमी डाव तेथे बादच. मातीच्या तालमीत वाढलेला शिष्य या प्रकारात राष्ट्रीय पातळीवर पोहोचतो, यावरून एक अनुमान निघते. मामांनी डावांचा साचा दिला नव्हता, त्यांनी अंगाचा समतोल आणि पकडीची जाण दिली होती. ती कोणत्याही नियमांत चालते.

१८/
दुसरे नाव राहुल आवारे. वडील स्वतः पैलवान. त्यांनी मुलाला लहान वयातच कुस्तीत घातले आणि पुढे तो गोकुळ वस्ताद तालमीत मामांच्या हाताखाली आला. काका पवारांच्या पिढीपेक्षा त्याची पिढी वेगळी होती. एव्हाना आंतरराष्ट्रीय कुस्तीचा वेग वाढला होता आणि हरियाणातील केंद्रे पुढे निघून गेली होती. हलक्या वजनगटात तर चपळाईवाचून निभाव नाही. स्वतः थोराड अंगाचे मल्ल असलेल्या मामांनी या लहानखुऱ्या पोरावर वर्षानुवर्षे मेहनत घेतली.

१९/
२००६ साली भारत सरकारने बिराजदारांना ध्यानचंद पुरस्कार दिला. २००२ पासून सुरू झालेला हा सन्मान निवृत्तीनंतरही खेळाची सेवा करणाऱ्या खेळाडूंसाठी होता. प्रशिक्षकांसाठीचा द्रोणाचार्य पुरस्कार त्याहून जुना, १९८५ पासूनचा. त्या पहिल्याच वर्षी गौरवलेल्या तिघांत कुस्तीचे प्रशिक्षक भालचंद्र भागवत होते. मामांच्या वाट्याला आलेला सन्मान मात्र खेळाडू म्हणून आला. त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग ज्या कामात गेला, ते काम कागदावर दिसणे किती अवघड असते, याची ही एक खूण मानता येईल.

२०/
सप्टेंबर २०११ मध्ये मामा गेले. विद्यापीठातला प्रशिक्षक गेला तर पद उरते आणि दुसरा नेमला जातो. तालमीचा वस्ताद गेला की पोरे पांगतात, जोडीदार तुटतात, कित्येक तालमींना कुलूप लागते. मराठी मुलखातील अनेक नामांकित तालमींचा शेवट असाच झाला. राहुल आवारे तेव्हा ऐन उमेदीत होता. त्याचीही वाट तेथेच खुंटण्याची भीती होती.

२१/
ती खुंटली नाही, कारण मामांचा शिष्य आता स्वतः वस्ताद झाला होता. काका पवारांनी पुण्यात कात्रज परिसरात आंतरराष्ट्रीय कुस्ती संकुल उभारले. राहुल त्यांच्याकडे गेला. २०१८ चे राष्ट्रकुल सुवर्ण आणि २०१९ मध्ये नूर-सुलतान येथील जागतिक स्पर्धेत ६१ किलो गटातले कांस्य, ही दोन्ही पदके या दुसऱ्या पर्वातली. १९७० साली गुरूने एडिंबरात मिळवलेले राष्ट्रकुल सुवर्ण ४८ वर्षांनी शिष्याच्या गळ्यात आले. मधले दुवे नीट जोडले नाहीत, तर या दोन पदकांचा संबंध कोणाच्या लक्षातही येणार नाही.

२२/
आणखी एक दिवस नोंदवण्याजोगा. ७ जानेवारी २०२०, पुण्याचे बालेवाडी क्रीडासंकुल. महाराष्ट्र केसरीत गादी विभागाचा विजेता आणि माती विभागाचा विजेता यांच्यात किताबाची लढत होते. त्या वर्षी गादीवरून आला नाशिकचा हर्षवर्धन सदगीर आणि मातीवरून लातूरचा शैलेश शेळके. दोघेही काका पवारांचेच पठ्ठे! सदगीरने ३-२ अशी बाजी मारली आणि हरलेल्या शेळकेला खांद्यावर उचलून मैदानात फिरवले. मामांचे दोन नातूशिष्य एकाच गदेसाठी लढले. त्या दिवशी कोण जिंकणार हे ठाऊक नव्हते; गदा कोणत्या घराण्यात जाणार, हे मात्र ठरलेले होते.

२३/
या कथेला दुसरी बाजूही आहे. १९६९ चा महाराष्ट्र केसरी घडायला कोल्हापूरला गेला. त्याचा शिष्य घडायला पुण्याला गेला. शिष्याचे शिष्यही पुण्यातच घडले. लातूर-नांदेडची माती पैलवान देते आणि त्यांना घडवणारी तालीम शेकडो किलोमीटर दूर असते, हे चित्र तीन पिढ्यांत फारसे पालटलेले नाही. जो पोरगा दूर जाऊ शकत नाही, त्याची कुस्ती गावच्या जत्रेतच संपते. अशा पोरांची गणती कोणत्याही पदकतालिकेत होत नाही.

२४/
इतिहासाची आवड असलेल्या तरुण वाचकांना म्हणून एक विनंती. तुमच्या गावच्या जत्रेतील फडांची जुनी हस्तपत्रके, पंचकमिटीच्या इनामाच्या वह्या, तालमीच्या भिंतीवरची धुरकटलेली छायाचित्रे, ही सारी ऐतिहासिक साधनेच आहेत. त्यांची छायाचित्रे काढून ठेवा. छायाचित्रातल्या माणसांची नावे मागे लिहून घ्या. गावात वृद्ध वस्ताद असतील तर दोन प्रश्न जरूर विचारा : “तुम्हांला कोणी शिकवलं?” आणि “तुम्ही कोणाकोणाला शिकवलंत?” या दोन उत्तरांतून एकेका घराण्याचा वंशवृक्ष उभा राहतो.

२५/
स्टॅग यांच्या ४१ हंगामांचा हिशेब एका विद्यापीठाने जपला. निलंगा तालुक्यातील एका वस्तादाचा हिशेब त्यांच्या शिष्यांनी जपला, पदके अर्पण करून आणि नव्या तालमी उभारून. आता तो लिहून ठेवण्याचे काम आपले.

धागा समाप्त. तुमच्या गावातील तालमींची आणि वस्तादांची नावे खाली अवश्य लिहा.
#मराठवाड्याचा_इतिहास #कुस्ती